मादाम ‘जाईल’

मादाम कास्तान्ये यांना तोंडावर ‘मादाम जाईल’ म्हणायची कोणाची छाती नव्हती. पाठीमागे मात्र फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून कार्यक्रमप्रमुखापर्यंत सगळे तेच म्हणत. मीही म्हणायचो.

हे नाव पडलं ते त्यांच्या कामावरून. सरकारी टीव्हीवर दाखवायच्या प्रत्येक सिनेमाची प्रत आधी त्यांच्या टेबलावर यायची. एका चकतीवरची फिल्म दुसऱ्या चकतीवर हाताने गुंडाळत त्या ती पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत तपासत. कुठे सांधा सुटलाय, कुठे ओरखडा आहे, कुठे कडेची भोकं फाटलीत. त्या भोकांत दाते अडकवूनच मशीन फिल्म ओढतं, त्यामुळे भोकं गेली की सगळंच गेलं. तपासून झालं की गुलाबी कार्डावर एक ते चार यांतला आकडा टाकायचा. एक म्हणजे उत्तम आणि चार म्हणजे मशीनला लावायचीच नाही. आकडा कार्डावर असायचा, तोंडाने मात्र दोनच उत्तरं. “जाईल.” नाहीतर “नाही जाणार.” मंत्र्याचा फोन आला तरी तिसरं उत्तर मिळायचं नाही.

या कामाला दोन्ही हातांत पांढरे सुती मोजे घालायचा नियम होता. मादाम मोजे घालत, पण डाव्या मोज्याचा अंगठा आणि पहिलं बोट त्यांनी कात्रीने उडवलं होतं. एकदा तपासणीला आलेल्या एका तरुण अधिकाऱ्याने हटकलं, तर म्हणाल्या, “डोळ्याला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, साहेब. बोटाला आधी कळतं.” त्यांना वाढवलं ते ल-पुईच्या त्यांच्या मावशीने. ती लेस विणायची. सहाव्या वर्षापासून मादामांच्या बोटांतून दोरा गेला होता, मग तिथे फिल्म आली, इतकाच काय तो फरक.

मी व्हॅन चालवायचो. पॅरिसभरच्या गोदामांतून फिल्मचे डबे उचलायचे आणि आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर मादामांच्या खोलीत टाकायचे. ‘टाकायचे’ हा माझा शब्द. पहिल्याच दिवशी मी पाच डबे धाडकन खाली ठेवले तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“नाव काय तुझं?”

“लुसियाँ.”

“बटाटे आणलेस का, लुसियाँ?”

“नाही, सिनेमा आणलाय.”

“मग सिनेमासारखा ठेव.”

माझा स्वभाव तिरसट. बायको हे सगळ्या गल्लीला सांगायची. बाईमाणसाकडून शिकवण ऐकून घ्यायची सवयही नव्हती तेव्हा. पण दुसऱ्या दिवशी मी डबे हळूच ठेवले, आणि त्यांनी डब्यातला मसूर नि सॉसेज अर्धं अर्धं करून माझ्यापुढे सरकवलं. पुढची वीस वर्षं आम्ही दुपारचं जेवण तसंच जेवलो. त्या मला ‘तू’ म्हणायच्या, मी त्यांना ‘मादाम’ आणि ‘तुम्ही’.

तो काळ असा की सिनेमावाले टीव्हीला शिव्या घालायचे. आमच्या कोपऱ्यावरच्या सिनेमागृहाचा मालक मला नमस्कार करायचा बंद झाला होता, जणू त्याच्या खुर्च्या मीच रिकाम्या केल्या. त्याचं अगदीच खोटं होतं असं नाही. पण रविवारी दुपारी आमचा हाच टीव्ही जुने फ्रेंच सिनेमे दाखवायचा. ज्यांना कुठलंही थिएटर दारात उभं करणार नाही असे, दिग्दर्शक मेलेले, नट विसरलेले सिनेमे. आख्खा देश जेवणाच्या टेबलावरून न उठता एकाच वेळी ते बघायचा. मादामांना त्याचा अभिमान होता. तसं त्या कधी बोलल्या नाहीत, पण रविवारच्या प्रती त्या स्वतः तपासत. बाकीच्या मदतनिसांकडे.

चौऱ्याहत्तरच्या वसंतात एक पत्र आलं. लिहिणारे होते मस्यू पुझादू, क्लेर्मों शहरात राहणारे निवृत्त शाळामास्तर. ओव्हेर्नमधल्या व्हालोझ नावाच्या गावात त्यांनी पंचवीस वर्षं शिकवलं होतं. गाव आता नाही. पन्नास साली धरण झालं आणि व्हालोझ पाण्याखाली गेलं. माणसं शंभर ठिकाणी पांगली. पण चौतीस साली एका तरुण दिग्दर्शकाने त्या गावात एक सिनेमा काढला होता, ‘व्हालोझची वाट’. त्याचा तो एकुलता सिनेमा, पुढे तो युद्धात मेला. नट दोघेच शहरातले, बाकी सगळं गावच पडद्यावर होतं. मास्तरांनी लिहिलं होतं, ‘आमच्यातले ऐंशी-नव्वदजण अजून जिवंत आहेत. आम्हाला एका थिएटरात जमवणं कोणालाच शक्य नाही. तुम्हाला शक्य आहे. एका रविवारी आम्हाला आमचं गाव दाखवा.’

कार्यक्रमप्रमुख होते मस्यू देल्मार. गोरेगोमटे, गळ्यात रेशमी रुमाल, बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून बघायचे. पण त्यांना या पत्राचा मोह पडला. शोधाशोध करून कळलं की जगात या सिनेमाची एकच प्रत उरलीय. युद्धानंतर गावोगाव तंबू लावून सिनेमे दाखवणाऱ्या एका माणसाच्या सुनेकडे. मला व्हॅन घेऊन पाठवलं.

प्रत चीझच्या तळघरात होती. पाच रिळं, डबे चार.

“पाचवा डबा?” मी विचारलं.

“तो होय? कोंबड्यांना पाणी ठेवायला घेतला,” बाई म्हणाली. “आतलं ते चक्र तिथं भिंतीला टेकवलंय बघा.”

भिंत ओली होती. मी तिला काय बोललो ते इथे लिहीत नाही. तिनेही मला उत्तर दिलं आणि शेवटी चीझचा एक गोळा हातात ठेवला.

मादामांनी पहिला डबा उघडला आणि सगळ्या खोलीत सिरक्याचा आंबट वास पसरला. फिल्म सडायला लागली की असा वास येतो. त्यांनी दोन दिवस प्रत तपासली. मला वाटलं, त्या मधेमधे थांबतायत, कुठेतरी अडकल्यासारख्या. मसूरही खाल्ला नाही. तिसऱ्या दिवशी गुलाबी कार्डावर त्यांनी लिहिलं, ‘४’. आणि म्हणाल्या, “नाही जाणार.”

मला राग आला. चारशे किलोमीटर जाऊन आलो होतो. शिवाय मास्तरांचं पत्र मी वाचलं होतं, आणि ते मनातून जात नव्हतं.

“मादाम, ऐंशी म्हातारी माणसं वाट बघतायत. एकदाच दाखवायचाय. एकदा चालवा, फाटली तर फाटली! मस्यू देल्मारही तेच म्हणतायत.”

“ती फाटली तर जगात दुसरी नाही.”

“तळघरात सडून तरी काय होणार आहे तिचं? तुमचं काय जातंय हो? तुम्हाला ना गाव ना घर, नुसते आकडे!”

हे बोललो आणि तोंड आवरायला हवं होतं असं लगेच वाटलं. त्यांनी मोजे काढले, टेबलावर एकावर एक ठेवले.

“माझा जन्म व्हालोझचा, लुसियाँ.”

मी समोरच्या स्टुलावर बसलो.

“लग्नाआधीचं नाव वेगळं, म्हणून मास्तर ओळखणार नाहीत. सिनेमा काढला तेव्हा मी चार वर्षांची होते. चौथ्या रिळात बायका हौदावर धुणं धुतात. त्यात माझी आई आहे. लेओनी. पुढच्या हिवाळ्यात ती गेली, आणि बाबांनी मला मावशीकडे पाठवलं. आईचा एकही फोटो नाही. आमच्याकडे कोण काढतंय फोटो!”

“मग तुम्ही सिनेमा पाहिला असेल ना तेव्हा?”

“दाखवला होता एकदा, चर्चच्या मागच्या कोठीत. आख्खं गाव आलं होतं. आई म्हणे सारखी मला हलवत होती, ‘बघ, बघ, मी आले.’” त्यांनी टेबलावरचे मोजे सरळ केले. “मी झोपले होते.”

म्हणजे त्या दोन दिवसांत मादामांनी आपली आई आयुष्यात पहिल्यांदा पाहिली होती, भिंगातून, एकेक स्थिर चित्र. आणि त्यानंतर त्यांनी ‘४’ लिहिलं होतं. मला त्या वेळी इतकी लाज वाटली की मी व्हॅन धुवायला निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी त्या मस्यू देल्मारांच्या खोलीत गेल्या. मी डबे घेऊन मागे उभा होतो.

“मला मुदत द्या. एकेक भोक दुरुस्त करते. मग एकदा जाईल.”

“मादाम, तुम्ही पेपर वाचता ना? वर्षअखेरीला सरकार आपल्या संस्थेचे सात तुकडे करतंय. रविवारची वेळ पुढे कोणाकडे जाईल, जुने सिनेमे राहतील की नाही, मलाच ठाऊक नाही.”

“नोव्हेंबरचा शेवटचा रविवार द्या.”

“आणि नाही जमलं तर?”

“तर त्या दिवशी दुसरं काहीतरी दाखवा. माणसं तुमच्या नावाने बोटं मोडतील, त्याची त्यांना सवय आहे.”

देल्मारांना हसू आलं, आणि त्यांनी तारीख लिहून टाकली. म्हणजे संधी एकच होती. रविवारी प्रत गेली तर पांगलेलं आख्खं गाव एकाच दुपारी आपलं गाव बघणार. नाही गेली तर कोणीच कधीच नाही.

एका चित्राला दोन्ही कडांना मिळून आठ भोकं. सिनेमा ऐंशी मिनिटांचा. हिशेब तुम्ही करा, मी तेव्हा केला नि सोडून दिला. जिथे भोक फाटलंय तिथे नखाएवढी पारदर्शक पट्टी चिकटवायची, सुईने नवं भोक पाडायचं, वाळू द्यायचं, पुढे सरकायचं. रोजचं काम आटपून मादाम हे करायला बसत. ऑगस्टमध्ये सगळं पॅरिस सुटीवर गेलं तेव्हा त्या एकट्या तळमजल्यावर. मी रोज बाराच्या ठोक्याला पाव नि टोमॅटो घेऊन जायचो. त्या एका हाताने खायच्या, डावा हात फिल्मवर.

“आज किती झालं?”

“पाद्रीबुवा घोड्यावर बसले.”

दुसऱ्या दिवशी, “पाद्रीबुवा घोड्यावरून उतरले.” एवढाच काय तो त्यांचा विनोद.

सप्टेंबरात तिसरं रीळ झालं. ऑक्टोबरात चौथं. ते कोंबड्यांच्या डब्यातलं रीळ, ओल्या भिंतीला टेकवलेलं. त्या महिन्यात त्या जास्तच गप्प होत्या. मी विचारलं, “आई कशी आहे?” तर म्हणाल्या, “ओली आहे.” नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांनी जुनं कार्ड फाडून नवं लिहिलं. ‘३.’ आणि वर बघून म्हणाल्या, “जाईल.”

त्या रविवारी मी सुटीवर असूनही गेलो. फिल्मवरचं चित्र टीव्हीवर नेणारं मशीन एका काचेच्या खोलीत होतं. मादाम त्याच्याशेजारी स्टुलावर बसल्या, निळा कोट घालून, केस विंचरून, चर्चला जावं तशा. साडेतीनला निवेदिकेने नाव सांगितलं आणि व्हालोझ दिसायला लागलं. दगडी पूल, पुलावरून येणारी बैलगाडी, शाळेच्या पायरीवर काळ्या डगल्यांतली पोरं. चित्र थोडं डगमगत होतं, पण जात होतं. मादाम पडद्याकडे बघतच नव्हत्या. त्या मशीनचा आवाज ऐकत होत्या. कुठे दाता अडखळला की त्यांचा अंगठा हलायचा.

चौथं रीळ लागलं तसा मी पुढे सरकलो. हौद आला. सात-आठ बायका गुडघ्यांवर बसून चादरी आपटतायत, सगळ्यांच्या पाठी कॅमेऱ्याकडे. एक बाई वळायला लागली. आणि एकदम दोरीवर वाळत घातलेल्या चादरी आल्या.

मी मादामांकडे पाहिलं. त्या मशीनकडे बघत होत्या. मला वाटलं, ती वळणारी बाईच आई असेल, माझंच लक्ष चुकलं.

सिनेमा संपेपर्यंत एकदाही तुटला नाही.

आठवड्याभरात तीनशेवर पत्रं आली. सेंत-एत्येनच्या एका खाणकामगाराच्या विधवेने लिहिलं, माझं दार दिसलं, मी काचेवर हात ठेवला तर काच गरम होती. एका माणसाने चर्चची घंटा ऐकताच टीव्ही बंद केला, त्याला पुढे बघवेना. मस्यू पुझादूंनी आपल्या दोन खोल्यांत अकराजण जमवले होते, शेजाऱ्यांच्या खुर्च्या आणून. त्यांचं पत्र मात्र आभाराचं नव्हतं.

‘हौदावर लेओनी हसते तो तुकडा कुठे गेला? आम्ही अकराही जण त्याचीच वाट बघत होतो. गुडघ्यापर्यंत खोचलेला तिचा घागरा सरकारला चालला नाही का? तुमच्या कात्रीने आमच्या बातम्या कापल्या, आमचे संप कापले, आता बुडालेल्या गावच्या बाईचं हसूही कापलंत?’

आमच्याकडच्या माणसाला सरकारी टीव्हीवर काहीही कमी दिसलं की पहिल्यांदा कात्रीच आठवायची. त्यात सगळी चूक त्यांचीच होती असं नाही. पत्र एका वर्तमानपत्रात छापून आलं. देल्मारांनी मादामांना लेखी खुलासा विचारला. खुलासा दोन ओळींचा होता, मीच वर नेऊन दिला. ‘चौथं रीळ. नऊ सेकंद. मी काढले. जात नव्हते. — र. का.’

मी तळमजल्यावर धावत आलो.

“तुमची आई होती त्यात!”

“हो.”

“आणि तुम्हीच कापलंत?”

“दोन्ही कडा गेल्या होत्या, लुसियाँ. पट्टी धरतच नव्हती. टेबलावर हळूहळू चालवून तीनदा पाहिलं, तीनदा तिथेच अडकली. मशीनमध्ये अडकली असती तर पुढचं सगळं फाटलं असतं. पुढे शाळा आहे, जत्रा आहे, किती जणांचे आईबाप आहेत.” त्यांनी खण उघडून खोकल्याच्या गोळ्यांचा एक गोल डबा दाखवला. आत फिल्मची लहानशी गुंडाळी होती. “दोनशे सोळा चित्रं आहेत. मी सगळी पाहिलीत. तोंड मिटलेलं आहे, तोंड उघडलेलं आहे. हसताना एकातही नाही. हसणं दोन चित्रांच्या मधे असतं. ते चालवल्याशिवाय दिसत नाही.”

खुलासा मास्तरांना कळवला गेला. त्यांचं उलट टपाली उत्तर आलं, मादामांच्या नावाने. एकच ओळ होती. ‘तुम्हाला आई नाही का?’

मादामांनी ते वाचलं, घडी घातली, डब्याखाली ठेवलं. मला म्हणाल्या, “तू काही लिहायचं नाहीस.” मी बरं म्हटलं आणि घरी जाऊन तीन पानं लिहिली, मादाम कोणाची मुलगी तेही. त्यात मी मास्तरांना काय काय म्हटलं ते आठवलं की आज मलाच कसंतरी होतं, शाळेतला सगळा राग त्या बिचाऱ्यावर काढला.

पुढच्या शनिवारी मस्यू पुझादू फाटकावर उभे. बारीक, वाकलेले, हातात टोपी. तळमजल्याच्या दारात थांबून त्यांनी मादामांकडे बराच वेळ पाहिलं.

“लेओनीची धाकटी. काजव्याला तारा म्हणायचीस.”

“मला आठवत नाही, सर.”

“मला आठवतं ना. मला क्षमा कर, पोरी. सत्तरी उलटली आणि अजून न वाचताच गुण देतो मी.”

मादामांनी त्यांना स्टूल दिलं, कॉफी दिली. कॉफी संपल्यावर विचारलं, “ती कशाला हसत होती, सर?”

“साबणाला!” मास्तर खुलले. “तो पॅरिसचा नट हौदाजवळून ऐटीत चालत जायचा असतो ना, तर तिच्या हातातला साबण सटकला नि थेट त्याच्या बुटाखाली. गडी पाण्यात! तो पडला ते काही सिनेमात घेतलं नाही, पण ही वळून हसली तेवढं ठेवलं. काय हसायची! हौदापलीकडच्या गाईसुद्धा माना वर करायच्या.”

मादामांनी ऐकून घेतलं. मास्तर गेल्यावर त्या परत टेबलाशी बसल्या, पण फिल्म चढवली नाही.

संस्थेचे तुकडे झाले. आम्ही दोघं एकाच तुकड्यात आलो हे नशीब. मादामांच्या सेवापत्रावर ‘परवानगीशिवाय काटछाट’ असा शेरा राहिला, त्यामुळे त्यांना वरची जागा कधी मिळाली नाही. त्याबद्दल त्यांच्या तोंडून एक अक्षर मी ऐकलं नाही. मीच ओरडायचो. ‘व्हालोझची वाट’चे डबे कुठल्याशा गोदामात गेले. मादाम निवृत्त होऊन ल-पुईला गेल्या, मास्तर वारले, माझी बायको गेली. दर दोन-तीन महिन्यांनी मी आगगाडीने मादामांना भेटायला जात राहिलो. आधी त्यांच्या घरी, मग वृद्धाश्रमात.

दोन हजार सतरा साली तिथे एक मुलगी आली. क्लेमांस, आमच्याच टीव्हीच्या सिनेमा विभागातली. आमचा टीव्ही नव्या सिनेमांना पैसा देतो हे सगळ्यांना माहीत असतं, जुने सिनेमे नव्याने धुऊनपुसून घ्यायलाही देतो. तर तिच्या यादीत ‘व्हालोझची वाट’ होता. चौथ्या डब्यात तिला गुलाबी कार्ड सापडलं होतं. त्याच्या मागे लिहिलेलं, ‘नऊ सेकंद काढले. जपून ठेवलेत. — र. का.’ त्या दोन अक्षरांवरून पोरीने चार महिने शोध घेतला. असं काम करणारं कोणी अजून आहे हे पाहून मला बरं वाटलं.

मादामांनी कपाटातून गोल डबा काढायला सांगितला. पण हातात देईनात.

“तुमचं ते मशीन भोकं मागत नाही?”

“नाही मादाम. दाते नाहीतच त्याला. एकेक चित्र आम्ही हळूच ठेवतो, फोटो काढतो, मग ते जोडतो.”

मादामांनी डाव्या अंगठ्याने डब्याची कड चाचपली आणि डबा तिच्या हातात दिला.

“मग जाईल.”

वर्षभराने क्लेमांसचा फोन आला. सगळं तयार होतं, मार्चमधल्या एका रविवारी दुपारी दाखवणार होते. “पण मादामांना आधी पाठवू का? उद्या टपालाने येईल.” मी मादामांना तसं विचारलं, तर म्हणाल्या, “नको. पहिल्यांदा सगळ्यांबरोबर बघायचं राहिलं, आता सगळ्यांबरोबरच बघेन.” म्हाताऱ्या माणसाचा हट्ट. आणि त्या तर अठ्ठ्याऐंशीच्या. हिवाळ्यात दोनदा छाती भरली होती, दिवसातले चौदा तास झोप. मी रोज फोन करून त्या जिवंत आहेत ना हे विचारायचो, तिथली परिचारिका माझा आवाज ऐकला की कपाळाला हात लावत असणार.

त्या रविवारी मी गेलो. दिवाणखान्यात मोठा टीव्ही होता, पंधरा-वीस म्हातारे, अर्धे पेंगत. मादामांना मी पुढच्या रांगेत आणून बसवलं. निळा कोट त्यांनी स्वतः मागून घेतला होता, आता तो खांद्यांवर लोंबत होता. पूल आला. बैलगाडी आली. चित्र इतकं स्वच्छ की शाळेच्या पायरीवरच्या पोरांच्या बुटांचे खिळे दिसत होते, आणि जराही डगमगत नव्हतं.

“हा पाद्री,” मादाम म्हणाल्या. “याने मला सगळा ऑगस्ट घोड्यावर बसवलं.”

त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. मीही पडद्यात गुंतलो. जत्रेच्या तयारीचा प्रसंग संपत आला तेव्हा मला आठवलं, आता हौद. वळून पाहिलं तर मादामांची मान छातीवर. झोपल्या होत्या.

“मादाम,” मी हळूच म्हटलं. “मादाम कास्तान्ये.”

हालचाल नाही. मागून परिचारिका आली. “झोपू द्या ना त्यांना, मस्यू. सकाळपासून उठून बसल्यात उत्साहाने. मी नंतर परत लावून देईन.”

नंतर! पडद्यावर बायका गुडघ्यांवर बसल्या होत्या. चादरी आपटल्याचा आवाज येत होता. मी मादामांचे दोन्ही खांदे धरले आणि गदागदा हलवले.

“रेमोंद! ऊठ! अगं ऊठ, आई आलीय!”

चव्वेचाळीस वर्षांत मी त्यांना कधी नावाने हाक मारली नव्हती. परिचारिकेने माझा दंड पकडला. सगळे म्हातारे जागे झाले. आणि मादामांनी डोळे उघडले.

समोर ती वळत होती. रुंद चेहरा, कपाळावर ओली बट, बाह्या वर सारलेल्या. तिने साबण गेला त्या दिशेला पाहिलं, तोंडावर हात नेला, हात पोचायच्या आतच हसू फुटलं. मान मागे टाकून, डोळे मिटून, सगळ्या अंगाने ती हसली. मादामांच्या डाव्या हाताचा अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत होतं, कड तपासावी तसं. मग दोरीवरच्या चादरी आल्या.

“गेली,” मादाम म्हणाल्या.

फिल्म गेली म्हणाल्या की आई, हे मी विचारलं नाही. मी रडत होतो, आणि परिचारिका अजून माझा दंड धरून उभी होती.